पत्ता न लिहिता परत जाणाऱ्या बायका

सकाळी चूल पेटवायच्या आधी मिरान फोनवर आकडे बघायची आणि तिथेच तिचा दिवस नासायचा.

काल साइटवर किती जण आले, कुठल्या गावचे, कुठलं पान किती वेळ बघत बसले, सगळं तिथे रंगीत रेघांनी मांडलेलं असायचं. लोक येत होते. ढिगानं येत होते. तेगूहून, पुसानहून, सुवॉनहून, आणि सोलहून तर विचारूच नका. यायचे, ताटांचे फोटो मोठे करकरून बघायचे, माशाचे काप किती, सुकी भाजी किती, पेअर हवेत की सफरचंदं, सगळं निवडून टोपलीत टाकायचे, आणि पत्ता लिहायची वेळ आली की पसार!

"मेल्यांनो, आलात कशाला मग?" ती फोनलाच विचारायची.

समोर अंडी फोडत बसलेली येबुन खदखदून हसायची. येबुन ही तिच्या हाताखालची एकुलती एक बाई. हात जितका चालायचा त्याच्या दुप्पट तोंड. "आले, बघितलं, गेले. मुलगी बघायला आले होते काय? 'कळवतो' एवढं तरी म्हणाले का?"

"तू गप्प बस आणि अंडी फोड."

"फोडते की. पण खाणार कोण?"

हे ऐकून मिरान जास्तच चिडायची.

आता ही मिरान कोण, तर आमच्या आंदोंगमधल्या ह्वांग घराण्याची थोरली सून. आंदोंगात थोरल्या घरची थोरली सून होणं म्हणजे काय, ते झालेल्या बाईलाच ठाऊक. त्या घरात महिन्याला एक तरी पितर जेवायला यायचाच. खापरपणजोबा झाले की खापरपणजी, त्या झाल्या की छुसॉक, म्हणजे सुगीचा सण, छुसॉक झाला की नवं वर्ष. माशांचे काप अंड्यात बुडवून तळा, भाज्या परता, सुके मासे वाफवा, भात रचा, आणि पाहुण्यांनी ओंजळभर कौतुक सासूबाईंच्या ओटीत टाकलं की भांडी घासा. तीस वर्षं तिनं हे केलं. लग्नाआधी तिला ओम मिरान असं धड नाव होतं. लग्नानंतर ती थोरली सून झाली आणि मुलगा झाल्यावर इनप्योची आई. नाव कुठे गेलं, ते कुणी शोधलंही नाही.

आणि मग पंचावन्नाव्या वर्षी, सणाचं तेल अजून केसांतून गेलेलं नसताना, ती नवऱ्याला म्हणाली, "मी दुकान काढते."

"कसलं?"

"याचंच. पितरांच्या ताटाचं. ज्यांना जमत नाही त्यांना घरपोच."

तिचा नवरा थेग्यू भला माणूस. भला म्हणजे कुणाच्याच बाजूनं उभं न राहणारा. त्यानं आईकडे बघितलं. सासूबाई शहाऐंशीच्या, दात तीन, पण जीभ शाबूत. "पितरांचं अन्न विकणार?" त्या म्हणाल्या. "विका! आज अन्न विका, उद्या पितर विका."

पण मिरान हट्टाला पेटली. बाजारामागं एक स्वयंपाकघर भाड्यानं घेतलं. परवान्यावर मालक म्हणून 'ओम मिरान' असं लिहून आलं, तेव्हा ती ते कागदाचं भेंडोळं कितीतरी वेळ नुसती बघत बसली. दुकानाचं नाव ठेवलं 'थोरल्या सुनेची चूल'. आणि खोकी छापून घेतली. काय खोकी होती! पांढरीशुभ्र, आणि त्यावर लालभडक अक्षरांत दुकानाचं नाव, खाली 'ओम मिरान यांच्या हातचं पितरांचं ताट'. लिफ्टमध्ये कुणाच्या हातात असलं तर समोरच्याला चष्मा न लावता वाचता यावं एवढं मोठं. छापणारा म्हणाला, जरा लहान करू का? ती म्हणाली, आणखी मोठं करा.

थेग्यूनं शेवटी तोडगा काढला. "येत्या छुसॉकपर्यंत चालव. चाललं तर चाललं. नाही तर कुलूप लावायचं आणि घरी यायचं. कबूल?"

"कबूल," मिरान म्हणाली. घरी यायचं म्हणजे काय ते तिला चांगलं माहीत होतं. घरी यायचं म्हणजे पुन्हा इनप्योची आई व्हायचं.

आणि आता उन्हाळा उतरणीला लागला होता, छुसॉक तोंडावर आला होता, आणि पाहुणे बघून बघून परत जात होते.

बाजारातल्या दुकानदारांच्या संघानं पांग मास्तर नावाचा एक पोरगेला माणूस नेमला होता. दर गुरुवारी तेगूहून यायचा, पिठाच्या डब्यावर लॅपटॉप ठेवायचा आणि एकेका दुकानाच्या साइटची नाडी बघायचा. तिला तो "मालकीणबाई" म्हणायचा, त्यामुळे तिचा तो लाडका. त्याच्यापुढं कापांची बशी आल्याशिवाय लॅपटॉप उघडायला ती देत नसे.

"हे बघा, मालकीणबाई," त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "शंभर पाहुणे आले की साठ जण ताट निवडतात. हे फार चांगलं आहे, सहसा असं होत नाही. पण त्या साठांतले पन्नासहून जास्त इथे, पत्त्याच्या पानावर, मागं फिरतात. गळती इथेच आहे."

"म्हणजे ताट आवडतं."

"आवडतं."

"किंमत बघूनही थांबतात."

"थांबतात."

"मग पत्ता लिहायला काय हात दुखतात त्यांचे?"

पांग मास्तरनं मान खाजवली. "कुठं गळतं ते आकडे सांगतात. का गळतं ते नाही सांगत. एखाद्या गिऱ्हाइकाला विचारून बघा ना."

"गिऱ्हाईकच नाही तर विचारू कुणाला, तुमच्या त्या रेघेला?"

तिनं आपल्या डोक्यानं उपाय सुरू केले. किंमत उतरवली. पाठवणी फुकट केली. सणासुदीचा ठेवणीतला हानबोक नेसून, केस चोपून, हातात झारा धरून स्वतःचा फोटो काढवून घेतला आणि पहिल्या पानावर लावला. येबुन म्हणाली, "छान आलाय. झाऱ्यानं मारायला निघाल्यासारखी दिसतेस." तरी गळती थांबेना. तेव्हा तिला वाटलं, लोकांना विश्वास वाटत नसेल, माल कसा येईल कुणास ठाऊक, असं वाटत असेल. म्हणून तिनं थेट पत्त्याच्या पानावरच खोक्याचा फोटो टाकला. लाल अक्षरं स्वच्छ दिसतील असा. खाली लिहिलं, 'असं येईल तुमच्या दारात!'

पुढच्या गुरुवारी पांग मास्तर पडद्याकडे बघून हळूच म्हणाला, "खोक्याचा फोटो लावल्यापासून जास्तच पळतायत."

"फोटो नीट आला नसेल. दुसरा काढू."

दुसरा काढला. आणखी मोठा. आणखी पळाले.

मिरानच्या नाकी नऊ आले. रात्री झोप नाही, सकाळी आकडे, दुपारी उरलेले काप येबुनच्या डब्यात. बायका अशा का वागतात, या एका प्रश्नानं तिचं डोकं पोखरून टाकलं. बायकाच, कारण पांग मास्तरच्या आकड्यांत तेही होतं. दहातल्या नऊ बायका, तिशी-चाळिशीच्या, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातून येणाऱ्या. आपल्यासारख्याच कुणाकुणाच्या सुना. त्यांच्यासाठीच तर हे सगळं मांडलंय, आणि त्याच पाठ फिरवून जातात. असा राग यायचा तिला!

छुसॉकला तीन आठवडे राहिले तेव्हा तिनं विचारलं, "जे अर्ध्यावरून गेले त्यांना हाक नाही का मारता येत?"

"ज्यांनी फोन नंबर भरलाय त्यांना मेसेज पाठवता येतो," पांग मास्तर म्हणाला. "पण जरा जपून लिहा."

तिनं जपून लिहिलं, म्हणजे तिच्या मते जपून. 'सूनबाई, तुमच्या पितरांचं ताट अर्धंच वाढून राहिलंय! पितर वाट बघतायत. — थोरल्या सुनेची चूल'. शनिवारी संध्याकाळी, लोक घरी निवांत असतील, अशा वेळी पाठवून दिला.

रविवारी सकाळी दुकानाचा फोन वाजला. पलीकडे एक बाई, आवाज दाबलेला, पण त्यातून धूर निघत होता.

"तुम्हीच ना त्या, चूलवाल्या?"

"हो, बोला ना, काय पाठवू?"

"काय पाठवू? पाठवलंत ते पुरे झालं! माझा फोन सासूबाईंच्या हातात होता. नातवाचे फोटो बघत होत्या. वर तुमचा मेसेज आला. त्यांनी मोठ्यांदा वाचला, मोठ्यांदा! दीर, जाऊ, सगळे जेवायला बसले होते. सहा वर्षं मी या घरात जीभ चावून राहिलेय. आता त्या सगळ्यांना सांगत सुटल्यात, आमची सून पितरांनाही बाजारचं घालायला निघाली होती म्हणून. काय मिळालं तुम्हाला?"

"अहो, पण यात लपवण्यासारखं..."

फोन बंद झाला होता.

मिरानचा पारा चढला. "ऐकलंस, येबुन? म्हणजे हे असं आहे! या बायांना विकतचं हवंय, पण 'मीच केलं' म्हणून मिरवायचंय. चोरून! मी काय चोरीचा माल विकते? मी माझं नाव घालून, ताठ मानेनं विकते, की बायकांनो, लाजू नका, सरळ सांगा, जमत नाही म्हणून मागवलं. आणि या? खोटारड्या!"

"तू कधी सांगितलंस तुझ्या सासूला सरळ काही?" येबुन म्हणाली.

"ते वेगळं."

"हो का."

येबुन अंडी फोडताना उगाचच टकटक जोरानं करत राहिली.

गुरुवारी पांग मास्तरला हे सांगितल्यावर तो गंभीर झाला. "चूक माझीही आहे. मी मेसेज वाचायला हवा होता." मग म्हणाला, "मालकीणबाई, तेजॉनकडे एक दुकान आहे. हाच माल. तुमच्याइतके पाहुणेही येत नाहीत त्यांच्याकडे. पण आले की विकत घेऊनच जातात. त्यांच्याकडून एक ताट मागवून बघा, काय करतात ते."

"मी? दुसऱ्याचं ताट मागवू?"

"बघायला."

नाक मुरडत तिनं मागवलं, येबुनच्या नावानं आणि येबुनच्या पत्त्यावर. दोन दिवसांनी खोकं आलं. तपकिरी. कोरं. त्यावर नाव नाही, चित्र नाही, पाठवणाऱ्याच्या जागी नुसता एक नंबर. कुणी विचारलं तर आत चपला आहेत म्हणून सांगता येईल असं. उघडल्यावर वरच एक चिठ्ठी होती, 'आपल्या घरच्या डब्यात काढून घ्यावे.' आणि खाली काप. एकसारखा एकही नाही. काही जाड, काही पातळ, काहींच्या कडा वाकड्या, एक-दोघांची कड जराशी करपलेली.

"अगं बाई," येबुन म्हणाली. "मुद्दाम!"

"फसवणूक आहे ही सरळ," मिरान म्हणाली, आणि एक काप तोंडात टाकला.

तिनं चावला. थांबली. पुन्हा चावला. तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

"काय झालं? नासलाय का?"

नासला नव्हता. अंड्यात किंचित तिळकुटासारखा वास, तोही तिळाचा नाही, पेरिलाच्या बियांच्या तेलाचा. तिनं हीच चव नव्या वर्षाला चाखली होती. तिच्या स्वतःच्या सुनेनं, बित्नानं, सुवॉनहून डब्यात भरून आणलेल्या कापांची. झालं होतं असं, की नव्या वर्षाला दुकान नुकतंच मांडलेलं, त्या गडबडीत मिरानला घरचं तळायला वेळ मिळेना. आणि दुकानातलं ताट घरच्या पितरांपुढं ठेवायला सासूबाईंची सक्त मनाई, किंमत लावलेलं अन्न या घरात चालणार नाही. मग तिनंच सुनेला फोन करून सांगितलं होतं, "यापुढं काप तुझ्याकडे. घरच्या पितरांना घरचा हात." आणि बित्नानं आणले, तेव्हा सगळ्या भाऊबंदांपुढं मिरान म्हणाली होती, "शिकलीस हं पोरी!"

तिला आधी संताप आला. मग लाज वाटली. मग पुन्हा संताप, आणि या वेळी कुणावर तेही कळेना. हात न धुताच तिनं फोन उचलला.

बित्ना सुवॉनच्या एका दवाखान्यात बिलं करायची. कुजबुजत म्हणाली, "आई, मी कामावर आहे, काही झालं का?"

"नव्या वर्षाचे काप कुठून आणले होतेस?"

पलीकडची कीबोर्डची टकटक थांबली.

"बित्ना."

"मी... केले होते, आई."

"तेजॉनचे होते ते. तपकिरी खोक्यातले. आत्ता माझ्या तोंडात आहे एक."

मग दार लागल्याचा आवाज, आणि बित्नाचा आवाज एकदम मोठा झाला. "मग काय करू मी, आई? सणाच्या आदल्या दिवसापर्यंत मला सुट्टी नाही. घरी यायला अंधार होतो. तुम्ही सांगितलंत तीन प्रकारचे काप, चाळीस माणसांचे. मी एकदा केले होते, सगळे करपले, कचऱ्यात टाकले आणि रडत बसले. तुम्हाला कसं सांगणार? तुम्ही तर सगळं एकटीनं केलंत तीस वर्षं, घरात सगळे तेच तर सांगतात मला!"

"मग माझ्याकडून का नाही मागवलंस? परक्याकडून घेतलंस!"

"तुमच्या साइटवर मी रोज येते, आई! जेवणाच्या सुट्टीत रोज! सगळं निवडते. मग पत्त्याचं पान येतं आणि तिथे तुमचं ते खोकं दिसतं, एवढ्या मोठ्या अक्षरांत. ते आमच्या इमारतीच्या पहारेकऱ्याच्या टेबलावर येऊन पडणार. इनप्यो घरी येताना तेच उचलून आणणार, आईनं काय पाठवलं म्हणून तुम्हाला फोन करणार, आणि आजेसासूबाईंपर्यंत जायला किती वेळ? मी पत्ता लिहीत नाही. लिहूच शकत नाही. कोण लिहील, आई?"

शंभरांतल्या साठ. साठांतल्या पन्नास. आठवडेच्या आठवडे ती ज्यांना मेल्यांनो म्हणत होती, त्यांतली एक तिच्याच घरची, तिलाच घाबरून परत जात होती. तिनं केवढे उपाय केले, किमती पाडल्या, हानबोक नेसली, आणि सुनेला एक साधा प्रश्न काही तिला विचारता आला नाही. विचारलं असतं तरी सासूला खरं सांगितलं असतं कुणी?

"आई? रागावलात?"

"रागावले," मिरान म्हणाली. "पण तुझ्यावर किती आणि माझ्यावर किती, ते अजून ठरायचंय. ऐक. या वेळी तेजॉनकडून मागवलंस तर याद राख. माझ्याकडून मागव. साइटवरूनच मागव, आकड्यांत दिसू दे."

"पण खोकं..."

"खोक्याचं मी बघते."

खोक्याचं बघणं सोपं नव्हतं. छापलेली खोकी छतापर्यंत रचलेली होती. टाकवत नव्हती, आणि नवीन करायला वेळ नव्हता. शेवटी येबुननं एक उसकटलं, उलटं केलं आणि पुन्हा जोडलं. बाहेरून नुसता साधा पुठ्ठा. लाल अक्षरं आतल्या बाजूला गेली.

मिरान त्या उलट्या खोक्याकडे बघत उभी राहिली. "नाव आत गेलं गं माझं."

"हं," येबुन म्हणाली. "ती चिकटपट्टी दे."

पांग मास्तर आपला वार नसताना खास आला. खोक्याचा फोटो काढून टाकला, हानबोकवाली मिरानही काढून टाकली. पत्त्याच्या पानावर तिनं सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, 'खोक्यावर काहीही लिहिलेलं नसेल. मेसेज येणार नाही. तुम्ही कोण, काय मागवलं, हे आम्ही कुणालाही सांगणार नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही.' दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ती पत्त्याच्या पानावरची उतरती रेघ चढायला लागली. सोल, तेगू, पुसान, पत्त्यांवर पत्ते. कुणी ऑफिसचा पत्ता दिला, कुणी माहेरचा, एकीनं तर केस कापायच्या दुकानाचा.

खूश व्हायला हवं होतं ना तिनं? पण तळताना तिची चिडचिड सुरूच. तेजॉनवाल्यांसारखा वाकडा काप तिला जमेना. हात सवयीनं कडा गोल करायचा. "तीस वर्षं या कडेसाठी बोलणी खाल्ली," ती झारा आपटत म्हणायची, "आणि आता म्हणे जरा बिघडव. माझं चांगलं काम खपायचं तर ते वाईट दिसायला हवं आणि त्यावर नाव दुसरीचं हवं. काय जगणं आहे!" येबुन तिच्या हातून झारा घ्यायची आणि बिनदिक्कत बिघडवायची. सुवॉनची ऑर्डर मात्र मिराननं स्वतः तळली, स्वतः बिघडवली, आणि डोळे मिटून खोक्यात भरली. थेग्यूनं ते खोकं गाडीत टाकताना वरचा पत्ता वाचला, बायकोकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच शहाण्यासारखा गप्प राहिला.

छुसॉकच्या आदल्या दिवशी शेवटचं ताट गेलं, तेव्हा मिरान आणि येबुन पिठाच्या डब्यांवरच बसल्या. थेग्यूनं घरी आईला सांगितलं, दुकान चाललं, चालू राहील. सासूबाईंनी खूप वेळ दाढेखाली काहीतरी चघळल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "चालू दे. पण आपल्या पितरांपुढं दुकानाचा कण येता कामा नये. एवढं माझ्या डोळ्यांदेखत पाळा."

सणाच्या सकाळी भाऊबंद जमले. नमस्कार झाले, मद्य ओतून झालं, पितरांचं जेवण झालं, आणि मग माणसं जेवायला बसली. बित्नाच्या डब्यातले काप मधोमध होते, तिच्या घरच्या निळ्या डब्यातून काढून मांडलेले. ती ताटाकडे न बघता पाणी वाढत फिरत होती.

सासूबाईंनी एक काप उचलला. तीन दातांनी हळूहळू खाल्ला. दुसरा उचलला. सगळे थांबले, कारण म्हातारी सहसा दुसरा घेत नसे.

"हे कुणी केले?"

"बित्नानं, आजी," इनप्यो छाती फुगवून म्हणाला. बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं.

"हात आहे पोरीला!" सासूबाई म्हणाल्या. "बघा, बघा रे सगळे. याला म्हणतात घरचा काप. कड जरा इकडे, जरा तिकडे, माणसाच्या हातचं वाटतं." आणि मग मिरानकडे वळून, चाळीस माणसांपुढं, "नाहीतर तुझे, मिरान! तीस वर्षं सांगून थकले. तुझे काप कायम दुकानातल्यासारखे. शीक जरा सुनेकडून."

तीस वर्षं मिरान या बाईच्या तोंडून हे एक वाक्य यायची वाट बघत होती. 'हात आहे पोरीला.' आलं एकदाचं. तिच्याच कापांना आलं, तिच्याच हाताला आलं, आणि दुसरीच्या नावावर जाऊन बसलं. उठावं आणि ओरडावं, मी केलेत ते, मी, ओम मिरान, माझे आहेत ते काप, असं तिला इतकं वाटलं, की तिनं चटईची कड मुठीत धरली.

"अगं आई, पण ते तर..." थेग्यूनं तोंड उघडलं. मिराननं अख्खा काप त्याच्या तोंडात कोंबला.

"जेवा."

बित्नानं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. तिचा चेहरा लालबुंद झाला होता, डोळे भरले होते. "आजी," ती म्हणाली, "खरं म्हणजे मी..."

"खरं म्हणजे ती दमलीय," मिरान मध्येच म्हणाली. कुणालाही म्हणजे कुणालाही, असं तिनंच लिहिलं होतं. "दिवसभर ओट्याशी उभी होती. बस गं, बस आता."

बित्ना बसली. सासूबाईंनी तिसरा काप उचलला. "पुढच्या वर्षीही हिच्याच हातचे हवेत," त्यांनी बजावलं. "मिरान, तू त्यात हात घालू नकोस."

"नाही घालत, आई," मिरान म्हणाली. मग सुनेकडे वळली, तिच्या ताटात भात वाढला आणि नेहमीच्या सासूच्या आवाजात म्हणाली, "ऐकलंस ना? मग पुढच्या वेळी जरा लवकर लाग कामाला. शेवटच्या आठवड्यात फार गर्दी असते."